दाजींची पुडी आणि अक्कांची तिसरी केमो

प्रश्न : माझी थोरली बहीण, आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो, ४७ वर्षांची आहे. सासर गडहिंग्लज तालुक्यात. उन्हाळ्यात डाव्या स्तनात गाठ लागली, तपासणीत कॅन्सर निघाला. कोल्हापुरात ऑपरेशन झालं. काखेतल्या दोन गाठींतही रोग सापडला, बाकी अंगात कुठे नाही. डॉक्टरांनी आठ केमो सांगितल्या : चार लाल सलाईनच्या, मग चार पॅक्लिटॅक्सेलच्या, नंतर शेक (रेडिएशन). दोन झाल्या. दुसरीनंतर चार दिवस उलट्या, तोंड सोललं, केस गेले. तिसरीची तारीख उलटून दोन आठवडे झाले. दाजींनी चंदगडकडच्या एका वैदूकडून नरक्या नावाच्या झाडाच्या सालीची भुकटी आणली आहे. ‘ह्या नरक्यापासूनच परदेशात कॅन्सरचं औषध करतात’ असं तो सांगतो. पंधरा दिवसांच्या पुडीचे नऊ हजार. अट अशी की केमो पूर्ण बंद, आणि दूध, साखर, गहूही बंद. दाजींच्या गावातला एक जण ह्याच औषधाने बरा झाला म्हणे. मी पुण्यात नोकरीला. फोनवर ‘सगळं थोतांड आहे’ म्हणालो तर दाजी म्हणाले, ‘लांब बसून शहाणपण शिकवू नकोस.’ भांडणच झालं. चुलतभाऊ रोज व्हिडिओ पाठवतो : लक्ष्मणफळ, जर्दाळूच्या बिया, गोमूत्र. नरक्याचं खरं आहे का? निदान दोन्ही औषधं बरोबर चालवली तर? आणि त्या वैदूविरुद्ध तक्रार करू का?
– एक भाऊ, पुणे

उत्तर : नरक्याकडे येतेच. आधी तारखेचं बघू, कारण पत्रातली सगळ्यात घाईची गोष्ट तीच आहे आणि तुम्ही ती एका वाक्यात उरकली आहे.

दोन आठवडे गेले म्हणजे सगळं हातचं गेलं, असं मुळीच नाही. पेशी कमी येतात, ताप येतो, घरात कुणाचं काही होतं, आणि केमो पुढे जाते. डॉक्टरांना ह्याची सवय असते. पण दोनाचे चार आणि चाराचे आठ होऊ देऊ नका. ऑपरेशनने दिसणारी गाठ काढली. केमो आहे ती न दिसणाऱ्या, काखेपर्यंत पोचल्या तशा आणखी कुठे गेल्या असतील त्या पेशींसाठी. अक्कांना आज बरं वाटतंय ह्यावरून त्या पेशींचं काहीच कळत नाही. तेव्हा उद्या सकाळी रुग्णालयात फोन करा आणि सरळ सांगा की आम्ही घाबरून थांबलो होतो, आता यायचं आहे. कुणी रागावणार नाही. रागावलंच तर ऐकून घ्या.

आता अक्का. तुमच्या पत्रात दाजी बोलतात, वैदू बोलतो, चुलतभाऊ बोलतो, तुम्ही तर बोलताच. अक्कांचं एकही वाक्य त्यात नाही. कॅन्सर वॉर्डाच्या समाजसेवा विभागात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. मधेच गायब झालेल्या बायकांना आम्ही फोन करायचो, तेव्हा ‘माझा ह्या औषधावर विश्वास नाही’ असं म्हणणारी क्वचितच भेटायची. बहुतेकींचं उत्तर एकच असायचं, ‘ते ओकणं आता सोसवत नाही हो.’ पुडी घरात त्यानंतर यायची. म्हणजे अक्कांना नरक्याची ओढ असेलच असं नाही. तिसऱ्या लाल सलाईनची धास्ती मात्र नक्की असणार. आणि तुम्ही फोनवर जे भांडलात त्यातलं अवाक्षरही त्या धास्तीबद्दल नव्हतं.

त्या धास्तीवर पुष्कळ काही करता येतं. लाल सलाईन हे उलट्या करवणाऱ्या केमोंमध्ये वरच्या नंबरचं. म्हणून त्याच्याबरोबर उलट्या रोखणारी चार औषधं द्यावीत अशी शिफारस आहे : ऑन्डान्सेट्रॉनच्या जातीचं एक, अ‍ॅप्रेपिटंटच्या जातीचं एक, डेक्सामेथासोन आणि रात्री ओलान्झापाइन. ही शेवटची गोळी मूळची मानसिक आजारांवरची आणि स्वस्त. तिची अडचण एवढीच की बाई दिवसभर पेंगत राहते. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये अभ्यासातून दाखवलं की नेहमीच्या १० मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅमनेही उलट्या तितक्याच आटोक्यात राहतात आणि गुंगी बरीच कमी येते. अक्कांना ह्यातलं काय काय मिळालं, कुठल्या गोळ्या आणल्याच नाहीत, कुठल्या ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सोडल्या, हे केमोच्या फाइलवरून आणि औषधांच्या बिलांवरून निघेल. डॉक्टरांना ‘खूप त्रास झाला’ असं मोघम सांगू नका. पहिल्या दिवशी किती वेळा उलटी झाली, दुसऱ्या दिवशी किती, पाणी पोटात टिकत होतं का, लघवी किती वेळा झाली, तोंड कुठल्या दिवशी आलं, असं कागदावर लिहून न्या. त्यावरून औषधं बदलतात, गरज पडली तर डोसही कमी-जास्त करतात. तोंडासाठी मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याच्या गुळण्या दिवसातून चार-पाच वेळा, आणि भाकरी गार दुधात कुस्करून. केस परत येतात. पण गावात बिनकेसांच्या डोक्याने वावरणं ही काय चीज आहे ते आपण पुण्यात बसून बोलू नये. त्यासाठी एक चांगला सुती स्कार्फ घेऊन जा.

आता नरक्या. वैदूचं अर्धं खरं आहे, आणि तुम्ही दाजींना ‘सगळं थोतांड आहे’ म्हणालात तिथेच तुमची बाजू पडली. गोष्ट मोठी रंजक आहे, दाजींनाही आवडेल. मनसुख वाणी नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते, जन्म १९२५, गाव नंदुरबार. मुंबई विद्यापीठात शिकून पुढे अमेरिकेत गेले. तिथे नॉर्थ कॅरोलायनातल्या एका संशोधन संस्थेत मन्रो वॉल ह्यांच्याबरोबर काम करताना १९६६ मध्ये त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं. कॅन्सरच्या पेशींवर ते जोरदार चालत होतं. तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही आहे, हे पुढे सत्तरच्या दशकात कळलं. तेव्हापासून ह्या घाणेरड्या वासाच्या झाडावर जी कुऱ्हाड पडली आहे ती आजतागायत. नरक्याच्या लाकडाचा टेम्पो पकडला, ही बातमी तुमच्या भागातल्या वर्तमानपत्रांत तुम्हीही वाचली असेल.

वैदू इथे थांबतो. पुढचं ऐका. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते कॅम्प्टोथेसिन माणसांना देऊन पाहिलं. मूत्राशयातून रक्तस्राव, रक्तपेशींची पडझड, अनावर जुलाब-उलट्या. प्रयोग थांबवावे लागले. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूत फेरफार करून टोपोटेकन आणि इरिनोटेकन बनवली, आणि त्यांना अमेरिकेत मंजुरी मिळाली ती थेट १९९६ मध्ये. तीस वर्षं गेली ती ‘किती द्यायचं, कुणाला द्यायचं, कुठल्या कॅन्सरला द्यायचं’ हे शोधण्यात. आजही ती प्रामुख्याने मोठ्या आतड्याच्या, बीजांडकोशाच्या, एका प्रकारच्या फुप्फुसाच्या कॅन्सरला वापरतात. अक्कांना जे आठ डोस लिहून दिलेत त्यात त्यांचं काम नाही. आणि झाडात द्रव्य किती आहे ते झाडागणिक, भागागणिक बदलतं. म्हणजे वैदूच्या चमच्यात एक तर काहीच नाही, नाहीतर ज्या विषामुळे प्रयोग बंद पाडावे लागले ते आहे, किती ते न मोजलेलं. पुडीत नरक्याच आहे की आवारातली दुसरी कुठली साल, हे तर त्यालाच माहीत.

आणि दाजींना हे जरूर सांगा : ‘झाडाचं औषध’ अक्कांना मिळणारच आहे. पाचव्या केमोपासून जे पॅक्लिटॅक्सेल सुरू होईल तेही सालीतूनच आलं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यू नावाच्या झाडाची साल १९६२ मध्ये गोळा झाली. १९७१ मध्ये त्यातल्या द्रव्याची रचना जगापुढे मांडली ती पुन्हा ह्याच वाणींनी आणि वॉल ह्यांनी. लाल सलाईनसुद्धा मूळचं मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेलं. आपल्या दारातल्या सदाफुलीतून निघालेलं व्हिंक्रिस्टिन लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये रोज वापरलं जातं. तेव्हा आयुर्वेद विरुद्ध अ‍ॅलोपथी, आपलं विरुद्ध परकं, ह्या कुस्तीत शिरूच नका. औषध झाडातून आलं का, हे कुणीच विचारत नाहीये. ते किती माणसांना देऊन, किती वर्षं मोजून पाहिलं, एवढंच विचारायचं.

दोन्ही बरोबर चालवता येईल का? नाही. निदान केमो चालू आहे तोवर तरी नाही. हा तडजोडीचा मार्ग तुम्हाला सोयीचा वाटतो, कारण त्यात कुणाचंच मन दुखत नाही. पण लाल सलाईन आणि पॅक्लिटॅक्सेल दोन्ही शरीरातून बाहेर काढायचं काम यकृताचं. त्यावर अनोळखी भुकटीचा भार पडला आणि यकृताचे आकडे चढले, की केमोचा डोस कमी करावा लागतो किंवा थांबवावी लागते. ‘वनस्पतीच आहे, काय होतंय’ असं म्हणाल तर गुळवेलीचं आठवा. कोविडच्या काळात ती घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाने त्याला हरकत घेतली, वाद झाला. पण केमोतल्या बाईने त्या वादाचा निकाल स्वतःच्या यकृतावर लावून बघू नये. २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी इंटरनेटवर विकली जाणारी आयुर्वेदिक औषधं तपासली, तर सुमारे पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. ती तर लेबल लावलेली औषधं होती. वैदूच्या पुडीला कसलं लेबल?

आणखी एक गोष्ट बारकाईने बघा. पुडी सुरू केल्यावर चार दिवसांत भूक एकदम लागायला लागली, अंग दुखायचं थांबलं, चेहरा गोल दिसायला लागला, तर आनंदून जाऊ नका. अशा निनावी भुकट्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असणं ही जुनी युक्ती आहे. घरच्यांना वाटतं, बघा, गुण आला! आणि पुढची पुडी न मागता घेतली जाते. गोमूत्राबद्दल एकच सांगते : केमोनंतर पांढऱ्या पेशी खाली आलेल्या असतात, तेव्हा न उकळलेलं काहीही पोटात जाऊ देऊ नये. जर्दाळूच्या बियांचं ‘बी-१७’ हे जीवनसत्त्वच नाही. ते अमेरिकेत १७८ रुग्णांना देऊन पाहिलं, १९८२ मध्ये निष्कर्ष छापून आला : गाठी वाढतच राहिल्या, आणि काही जणांच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ गेलं. लक्ष्मणफळ फळ म्हणून खावं, गोड लागतं.

दाजींच्या गावातला बरा झालेला माणूस. त्याला खोटं ठरवायला जाऊ नका, त्याला भेटायला जा. चहा घ्या आणि सहज विचारा : तुकडा तपासला होता का? रिपोर्ट आहे का? ऑपरेशन झालं होतं का, शेक घेतला होता का? बहुतेकदा कहाणीत कुठेतरी ऑपरेशन निघतं, आणि श्रेय मात्र शेवटी घेतलेल्या पुडीला जातं. २०२४ च्या नोव्हेंबरात नवज्योतसिंग सिद्धू ह्यांनी पत्नीचा चौथ्या टप्प्यातला कॅन्सर कच्ची हळद, कडुनिंब, लिंबूपाणी आणि उपवास ह्यांनी हटला असं पत्रकार परिषदेत सांगितलं. तो व्हिडिओ तुमच्या चुलतभावाने पाठवला असेलच. त्यांच्या पत्नीचं ऑपरेशनही झालं होतं आणि केमोही. टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांनी सही करून निवेदन काढलं की ह्या दाव्यांना पुरावा नाही, उपचार थांबवू नका. निवेदन किती घरांत पोचलं आणि व्हिडिओ किती घरांत, ते तुम्हीच बघा.

आणि ज्यांना पुडीने गुण आला नाही, ती माणसं चहा पाजायला शिल्लक राहिलेली नसतात. त्यांचीही मोजणी झाली आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी, ज्यांचा कॅन्सर दूर पसरलेला नव्हता अशा २८१ रुग्णांचा अभ्यास केला. ह्या सगळ्यांनी नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतले होते. तशाच आजाराच्या, पण नेहमीचे उपचार घेतलेल्या रुग्णांशी ताडून पाहिल्यावर त्यांच्या मृत्यूचा धोका अडीचपट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर पाचपटीहून जास्त. एवढा मोठा फरक स्तनाच्या कॅन्सरमध्ये का? कारण ह्या टप्प्यावर धरलेला हा आजार बरा करता येतो. गमावण्यासारखं पुष्कळ असतं म्हणून नुकसान मोठं. वैदूच्या पुडीपेक्षा त्याची ‘केमो पूर्ण बंद’ ही अट मला जास्त भीतीदायक वाटते, ती ह्यासाठी.

तक्रार? कायदा आहे. कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करणं १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याखाली गुन्हाच आहे, आणि आयुर्वेदाची प्रॅक्टिस करणाऱ्याची महाराष्ट्रात नोंदणी असावी लागते. पण आत्ता नको. आज तुम्ही वैदूच्या दारात पोलीस नेलेत तर दाजी वैदूच्या बाजूने उभे राहतील, कारण तो आता त्यांनी निवडलेला माणूस आहे. अक्कांच्या केमो संपू द्यात, मग खुशाल करा.

दाजींशी कसं बोलायचं ते खरं अवघड. ‘लांब बसून’ हा टोमणा झोंबला असेल, पण चूक नाही. रात्रभर तसराळं धरून बसलेला माणूस तो आहे. बायको ओकतेय आणि आपल्याला काही करता येत नाही, ह्यापेक्षा चंदगडला जाऊन काहीतरी आणणं त्याला सोपं गेलं. ह्यात अडाणीपणा शोधू नका; इंजिनियर आणि प्राध्यापकही हेच करताना मी पाहिलेत. फोन बंद करा आणि गाडीत बसा. पहिल्या संध्याकाळी औषधाचा विषय काढूच नका. दुसऱ्या दिवशी सुद्धा ‘दाजी, तुमचं चुकतंय’ ह्याऐवजी ‘दाजी, त्या चार रात्री कशा काढल्यात?’ असं विचारा, आणि मग गप्प बसा.

पैशाचंही बघा. पंधरा दिवसांना नऊ हजार म्हणजे वर्षाला दोन लाखांच्या वर. ऑपरेशनला किती लागले आणि ते कुठून आले, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा तुम्हाला ते सांगितलंही नसेल. सासरची माणसं मेहुण्यापुढे ऊसबिलाची उचल बोलून दाखवत नाहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, शेक हे बसतं, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. शिधापत्रिका, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन आधी त्याच्याकडे जायचं. सध्याचं रुग्णालय योजनेत नसेल तर उरलेल्या केमो योजनेतल्या रुग्णालयात घेता येतील का, ते तिथे विचारा. कोल्हापुरात सोय आहे. दाजींना दुसऱ्या डॉक्टरांचं मत हवं असेल तर जरूर घ्या, पण ते कॅन्सरतज्ज्ञाचं, आणि तारीख न चुकवता.

दाजींच्या हाताला काम द्या. दूध, साखर, गहू बंद करून अक्कांचं वजन उतरेल, दुसरं काही होणार नाही. साखर सोडल्याने कॅन्सर उपाशी मरत नाही. त्यांना अंडी, मुगाचं कढण, उकळलेलं दूध, नाचणीची आंबील, शेंगदाण्याचा लाडू, जे जाईल ते द्यायचं, थोडं थोडं, सात-आठ वेळा. हा खाण्याचा हिशेब दाजींकडे सोपवा. आणि एक थर्मामीटर त्यांच्या ताब्यात. केमोनंतरच्या दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री रुग्णालय गाठायचं. जीव जाण्याइतकी ती गोष्ट गंभीर असते. पूजा, जप, संध्याकाळचा प्राणायाम, हे दाजींना करवून घ्यायचं असेल तर आनंदाने. केमोच्या जोडीला योग केल्याने थकवा आणि झोप सुधारते, आणि त्यासाठी कुणी केमो बंद करायला सांगत नाही.

हे सगळं करूनही अक्का ‘नको’च म्हणाल्या तर? शरीर त्यांचं आहे, शेवटचा शब्द त्यांचा. पण तो शब्द त्यांनी डॉक्टरांसमोर बसून, उलट्या आटोक्यात येऊ शकतात हे ऐकून आणि केमो सोडली तर धोका किती वाढतो हे समजून द्यावा. दाजींच्या किंवा तुमच्या तोंडून नको. गाठीच्या रिपोर्टवर हार्मोनची तपासणी असते, ती जुळत असेल तर पुढे काही वर्षं घ्यायच्या गोळ्याही असतात, म्हणजे केमो सोडली तरी सगळी दारं बंद होत नाहीत. तेव्हाही येत-जात राहा. रागाने अबोला धरलात तर त्यांना त्या घरात केवळ वैदूच उरेल.

जाताना उरलेली पुडी फेकू नका. दाजींनाच खिशात ठेवायला सांगा आणि डॉक्टरांच्या टेबलावर त्यांच्याच हाताने ठेवू द्या. किती दिवस घेतली, दिवसातून कितीदा, शेवटची कधी, हे लपवू नका. तिसरी केमो चढवण्याआधी यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या पुन्हा करायच्या का, ते त्यावर ठरेल.